‘पहिल्यांदाच’ हा शब्द जरा जपून वापरावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे भारताच्या महिला फुटबॉल संघाने यजमान संघाला २-१ असे हरवले आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या आशियाई चषकात आपली जागा पक्की केली. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे होते. ही बातमी आपण छायाचित्रासह ठळकपणे छापली, याबद्दल आधी आपले आभार मानते, कारण आमच्या इंदुरात क्रिकेटखेरीज दुसऱ्या कोणत्याही खेळाची बातमी शोधायची तर क्रीडापानाच्या अगदी तळाशी, जाहिरातीच्या कडेला पाहावे लागते. परंतु त्या बातमीच्या मथळ्यात ‘इतिहासात पहिल्यांदाच’ असे शब्द होते, आणि ते बरोबर नाहीत. पात्रता फेरीचे सामने जिंकून भारतीय महिला या स्पर्धेत पहिल्यांदाच गेल्या, एवढेच खरे आहे. स्पर्धेत त्या पूर्वी अनेकदा खेळल्या आहेत, आणि दोनदा तर अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या आहेत. मथळ्यात जागा कमी असते हे मी जाणते. पण ‘पात्रता फेरीतून’ हा शब्द गाळल्यामुळे खेळाडूंची एक अख्खी पिढी पुसली गेली.

एवढ्यावरच हे पत्र लिहायला बसले नसते. बातमीनंतर दोन महिन्यांच्या आत जे घडले त्याने मला लिहायला भाग पाडले. आमच्या भागातील एका गणेशोत्सव मंडळाने मुलांसाठी प्रश्नमंजुषा ठेवली होती. माझ्या भाचीची मुलगी आठवीत आहे, तिने भाग घेतला. प्रश्न आला, ‘अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू कोण?’ तिने क्षणाचाही विलंब न लावता ‘शांती मल्लिक’ असे उत्तर दिले. परीक्षकांच्या हातातील कागदावर बेंबेम देवी हे नाव होते. उत्तर चूक ठरले, प्रश्न पुढच्या गटाकडे गेला, त्या गटाला गुण मिळाले आणि टाळ्याही. घरी आल्यावर तिने दप्तर सोफ्यावर टाकले आणि मला म्हणाली, “मावशीआजी, तू मला चुकीचे सांगितलेस.” मी चुकीचे सांगितले नव्हते. शांती मल्लिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बेंबेम देवी यांना तो २०१७ मध्ये मिळाला. मंडळाचे कार्यकर्ते भली मुले आहेत, त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी बहुधा ताज्या बातम्यांवरून प्रश्न काढले असावेत, आणि ताज्या बातम्यांमध्ये शांती मल्लिक हे नाव येतेच कुठे? दोन पुरस्कारांच्या मध्ये ३४ वर्षांचे अंतर आहे, आणि एवढ्या अवधीत पहिले नाव लोकांच्या मनातून गळून पडायला पुरेसा वेळ मिळाला आहे.

म्हणून जे मला नक्की ठाऊक आहे ते इथे लिहिते. मी या शहरातील मुलींच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका होते, आता निवृत्त होऊन काही वर्षे झाली. स्वतः मी खो-खो खेळले, फुटबॉल नाही. पण तरुणपणापासून या संघाची बातमी दिसली की कापून वहीत चिकटवायची सवय मला लागली होती.

भारतात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना १९७५ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. जेमतेम सहा संघ आले होते. राष्ट्रीय संघाचे पहिले प्रशिक्षक कोलकात्याचे सुशील भट्टाचार्य. ही संघटना पुरुषांच्या फुटबॉल महासंघापासून वेगळी होती, आणि आशिया खंडातील ज्या महिला परिषदेशी ती जोडलेली होती ती परिषदही फिफाच्या छत्राबाहेर होती. हा तपशील रुक्ष वाटेल, पण पुढच्या सगळ्या विस्मरणाचे मूळ इथेच आहे, म्हणून तो सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. मुलींचा फुटबॉल हा खेळ आहे असे ज्यांना वाटत होते त्यांनी आपापल्या बळावर तो चालवला. ज्यांच्याकडे कचेऱ्या, कारकून आणि कपाटे होती, त्यांनी तो आपला मानला नाही.

तरीही या मुलींनी काय केले पाहा. जानेवारी १९८० मध्ये हीच आशियाई स्पर्धा आपल्याकडे, केरळातील कालिकतला झाली. यजमान म्हणून भारताने एक नव्हे, दोन संघ उतरवले होते. नोंदींमध्ये ते ‘इंडिया एस’ आणि ‘इंडिया एन’ असे दिसतात. त्यांपैकी ‘एस’ संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि चिनी तैपेईकडून, म्हणजे तैवानच्या संघाकडून, ०-२ असा हरला. स्पर्धा १९७९ ची म्हणून ओळखली जाते आणि प्रत्यक्ष खेळली गेली ती १९८० मध्ये, त्यामुळे पुढे कोणी एक साल लिहितो, कोणी दुसरे, आणि वाचणाऱ्याला वाटते की या दोन निराळ्या स्पर्धा असाव्यात. १९८१ मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा आला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम सामना, या वेळी समोर थायलंड, आणि निकाल ०-३.

बंगालच्या शांती मल्लिक आणि कुंतला घोष दस्तीदार, कर्नाटकच्या चित्रा गंगाधरन, गोव्याच्या योलांडा डिसोझा या त्या काळातील खेळाडू. ही चार नावे मी न अडखळता लिहू शकते, पण कालिकतच्या त्या अंतिम सामन्यात कोण कोणत्या जागी खेळले, उपांत्य सामन्यात गोल कोणी केले, हे माझ्या वहीतून कळत नाही. वहीत १९८० चे एक कात्रण आहे. चार ओळींचे. स्पर्धेचे नाव, गावाचे नाव, दोन देशांची नावे आणि गोलसंख्या. एकाही खेळाडूचे नाव नाही. कागद पिवळा पडला आहे, खळीने चिकटवल्यामुळे कोपऱ्यांना झुरळांनी कुरतडले आहे, आणि उलट बाजूने गुळाचे भाव उमटलेले दिसतात. त्या दिवशी गूळ काय दराने विकला गेला हे मला आजही सांगता येईल.

त्या यशाची मी उगाच आरती ओवाळत नाही. १९८० मध्ये कालिकतला चीन नव्हता, जपानही नव्हता; आशियाई महिला फुटबॉलचे खरे बळ पुढे ज्या देशांत दिसले ते अजून मैदानात उतरायचे होते. हा आक्षेप कोणी घेतला तर तो मला मान्य आहे. पण त्याच आक्षेपात आपली चूकही दडलेली आहे. १९८१ च्या हाँगकाँगच्या स्पर्धेत जपानच्या महिला संघाने आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला. म्हणजे ज्या स्पर्धेत आपण तिसरे आलो, तिथे जपान पहिले पाऊल टाकत होता. त्यानंतर ३० वर्षांनी, २०११ मध्ये, जपानच्या मुली फ्रँकफर्टला अमेरिकेला हरवून जगज्जेत्या झाल्या. आपण मात्र १९८३ नंतर आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एकदाही पोहोचलो नाही. १९८६ मध्ये चीन आला आणि आल्या आल्या जिंकला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपली महिला संघटना पुरुषांच्या महासंघात विलीन झाली, तोपर्यंत शांती मल्लिक यांची पिढी खेळून मोकळी झाली होती. विलीन होताना मैदाने, कपाटे, कागद यांपैकी नक्की काय काय पुढे गेले, हे त्या काळच्या पदाधिकाऱ्यांनीच सांगायला हवे. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत चीनने आपल्यावर १६ गोल केले आणि आपण एकही केला नाही. २००९ मध्ये तर दीड वर्ष एकही सामना न खेळल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून भारताच्या महिला संघाचे नावच काढून टाकण्यात आले. संघ हरला म्हणून नव्हे, तर संघ खेळलाच नाही म्हणून.

या मधल्या ओसाड काळाला ज्यांनी अंगावर घेतले त्यांत ओइनम बेंबेम देवी हे नाव सर्वांत मोठे आहे, आणि प्रश्नमंजुषेतील घोळामुळे कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगते, माझा राग त्यांच्यावर तिळमात्रही नाही. त्यांचा जन्म इम्फाळचा, ४ एप्रिल १९८० चा, म्हणजे कालिकतच्या अंतिम सामन्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी. लहानपणी त्या मुलांमध्ये खेळत आणि आपण मुलगी आहोत हे कळू नये म्हणून मुलाचे नाव सांगत. १९९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, आशियाई स्पर्धेत गुआमविरुद्ध त्या भारताकडून पहिल्यांदा खेळल्या. २०१६ मध्ये शिलाँगच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक घेऊन त्या थांबल्या. एकवीस वर्षे! या एकवीस वर्षांत १६ गोलांचा पराभव आहे, क्रमवारीतून नाव गेल्याची नामुष्की आहे, आणि २०१०, २०१२, २०१४ ही दक्षिण आशियाई विजेतेपदेही आहेत. मधल्या काळात मणिपूर पोलिसांतील नोकरी होतीच. २०१४ मध्ये मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून त्या खेळून आल्या, आणि इंडियन विमेन्स लीगच्या पहिल्या वर्षी इम्फाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनला विजेतेपद मिळाले तेव्हा त्याच संघाच्या सूत्रधार होत्या. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला पद्म सन्मान.

त्यांच्या सोबतच्या आणि नंतरच्या खेळाडूंबद्दल थोडक्यात लिहिते. ओडिशाच्या सस्मिता मलिक यांनी दक्षिण आशियाई स्पर्धांत गोलांची रास घातली. मणिपूरच्या युमनाम कमला देवी २०१७ च्या सर्वोत्तम खेळाडू ठरल्या. गोव्याच्या मेमोल रॉकी स्वतः देशासाठी खेळल्या आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या जागेवर बसलेली ती पहिली स्त्री. इथे ‘पहिली’ हा शब्द मी निःशंकपणे वापरते. गोलरक्षक अदिती चौहान हिने २०१५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम युनायटेड संघाकडून खेळून दाखवले आणि यंदाच्या जुलैमध्ये, आपला संघ ऑस्ट्रेलियाला जायचे नक्की झाल्यावर काही दिवसांतच, निवृत्ती जाहीर केली. तिच्या निवृत्तीची बातमी मला आपल्या दैनिकात सापडली नाही. माझ्या नजरेतून सुटली असेल तर क्षमा असावी.

आता क्रिकेटशी तुलना केल्यावाचून इंदूरकराला राहवत नाही, तेव्हा तीही करते. आपल्या इंदूरच्या संध्या अग्रवाल यांनी १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरला १९० धावा केल्या. महिला कसोटीतील तो तेव्हाचा विक्रम होता आणि त्याचा आकडा या शहरात पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी जणांना तोंडपाठ आहे. महिला क्रिकेटची संघटनाही स्वतंत्र होती, तिच्याकडेही पैसा नव्हता, ती नियामक मंडळात विलीन झाली तीही फार उशिरा, २००६ मध्ये. मग तिथले आकडे कसे राहिले? माझ्या समजुतीप्रमाणे याचे श्रेय धावफलक लिहिणाऱ्याचे आहे. क्रिकेटचा सामना गल्लीतला असो की कसोटीचा, सीमारेषेबाहेर कोणीतरी वही घेऊन बसतेच. प्रत्येक चेंडूचा हिशोब लिहिला जातो, आणि वही हरवली तरी धावफलक वर्तमानपत्रात उरतो. फुटबॉलमध्ये उरतात ते दोन आकडे आणि मध्ये एक आडवी रेघ. ज्या बचावपटूने नव्वद मिनिटे गोल होऊ दिला नाही तिचे नाव त्या रेघेत कुठेच नसते. अशा खेळात बातमीदाराने खेळाडूंची नावे लिहिली नाहीत तर ती दुसरीकडे कुठेही लिहिली जात नाहीत. म्हणूनच या बाबतीत वर्तमानपत्राची जबाबदारी क्रिकेटपेक्षा फुटबॉलमध्ये मोठी आहे, असे मला वाटते.

आणि इंदूरच्या एका मराठी दैनिकाने हे का करावे, असे कोणी विचारील. एक कारण असे की देशातील महिलांची वरिष्ठ राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा आता राजमाता जिजाबाई करंडक या नावाने खेळली जाते, आणि अहिल्याबाईंच्या शहरातील मराठी वाचकाला हे ठाऊक नसावे, हे मला खटकते. दुसरे कारण घरगुती आहे. पावसाने उघडीप दिली की संध्याकाळी चिमणबागेच्या मैदानावर मुलगे चेंडू लाथाडत असतात, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्यात मुलीही दिसू लागल्या आहेत. मी फिरायला जाते तेव्हा थांबून पाहते. परवा एका मुलीच्या बुटाचा तळवा पुढून सुटला होता. तिने केसांचे रबर काढून ते बुटावर गुंडाळले आणि मोकळ्या केसांनी खेळत राहिली. मी तिला विचारले, तुला कोणासारखे खेळायचे आहे? तिने एका परदेशी पुरुष खेळाडूचे नाव घेतले. त्यात गैर काहीच नाही. पण संगीता बासफोरचे नाव तिने ऐकले नव्हते, आणि तिच्या घरी आपलेच दैनिक येते.

ऑस्ट्रेलियातील स्पर्धेचा गट जुलैअखेरीस जाहीर झाला. भारताबरोबर जपान, व्हिएतनाम आणि चिनी तैपेई आहेत. ज्या थायलंडने १९८३ मध्ये आपल्याला अंतिम सामन्यात हरवले त्याला त्याच्याच भूमीवर हरवून आपण तिथे चाललो आहोत. ज्या चिनी तैपेईने कालिकतला हरवले तो संघ पुन्हा समोर आहे. आणि जानेवारी २०२२ मध्ये नवी मुंबईत याच चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी कोरोनामुळे आपला संघ उभाच राहू शकला नाही व यजमान असूनही स्पर्धेबाहेर गेला, तीही बाकी आहेच. जपानबद्दल वर लिहिलेच. एवढे आयते कथानक हाती असताना ते पाटी कोरी समजून लिहू नये.

तेव्हा माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. मार्चमधील स्पर्धेपर्यंत आपल्या रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एका माजी महिला फुटबॉलपटूवर अर्धा स्तंभ द्यावा. १९८० आणि १९८३ च्या संघांपासून सुरुवात करावी, कारण त्या खेळाडू आता साठीच्या पुढे गेल्या आहेत आणि त्यांना विचारून लिहून घेता येईल असा काळ फार उरलेला नाही. बेंबेम देवींवर लिहायला पुढेही पुष्कळ जण असतील. कोलकाता, बंगळूर आणि गोवा येथील आपल्या वार्ताहरांना एकेक दूरध्वनी करायला सांगितले तरी त्या चार ओळींच्या कात्रणापेक्षा अधिक हाती लागेल. दुसरी विनंती म्हणजे ५ जुलैच्या सामन्याच्या मथळ्याची दुरुस्ती छापावी. ती दोन ओळींचीही चालेल. ती छापून आल्यास मी गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांना नेऊन दाखवणार आहे, कारण छापील शब्दापुढे ते माझे ऐकतील. नुसत्या माझ्या सांगण्यावर त्यांनी हसून “ताई, पुढच्या वर्षी बघू” एवढेच म्हटले.

सोबत कालिकतच्या कात्रणाची झेरॉक्स जोडली आहे. मूळ पाठवत नाही. खळ इतकी वाळली आहे की वहीतून काढू गेले तर कागद फाटेल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
रामबाग, इंदूर